ठिगळ लावलेल्या मुलाखती

आम्ही तिघं कुठंही भेटलो, लग्नात, दवाखान्यात, परवा तर एका दहाव्याला, की कोणीतरी हळूच म्हणतं, "ते सुप्याचं आठवतंय का रे?" झालं! मग आम्हाला उठून लांब जाऊन उभं राहावं लागतं, कारण दहाव्याला हसणारी माणसं लोकांना आवडत नाहीत. हे किस्से आम्ही काही जमवायला गेलो नव्हतो. काम करता करता माळ्यावर टाकत गेलो, आणि आता एक काढायला हात घातला की चार अंगावर पडतात.

तिघं म्हणजे नाना, सुषमा आणि मी. नाना आमचे मालक. बारामतीत भिगवण रोडला त्यांचा व्हिडिओ शूटिंगचा गाळा होता. मी कॅमेरामन. म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं मीच, आणि नवरीच्या मावशा फ्रेममध्ये आल्या नाहीत तर त्यांच्या शिव्यापण माझ्याच वाट्याला. सुषमा इंदापूरची, बी.ए. झालेली. आवाज असा खणखणीत की कार्यालयातला माइक बंद पडला तरी तिचं निवेदन शेवटच्या पंगतीपर्यंत ऐकू जायचं.

हे सगळं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. गावोगाव केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि मुंबईच्या एका चॅनेलला अचानक खेड्यांचा उमाळा आला. कार्यक्रमाचं नाव 'चला बांधावर'. मुलाखत घेणारे साहेब मात्र मुंबईत, कोट घालून. त्यांनी बांध बघितला असेल तर आमच्याच कॅसेटमध्ये!

मग मुलाखत व्हायची कशी? ऐका. आम्ही पाहुण्याच्या घरी कॅमेरा लावायचो. मुंबईहून फोन यायचा. सुषमा रिसीव्हर कानाला लावून साहेबांचा प्रश्न ऐकायची आणि तोच प्रश्न पाहुण्याला मोठ्यानं विचारायची. पाहुणा उत्तर द्यायचा, मी शूट करायचो. कॅसेट कापडात शिवून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, की ती मुंबईला. तिकडे सुषमाचा आवाज सगळा पुसायचे, साहेबांना स्टुडिओत बसवून तेच प्रश्न त्यांच्या तोंडून शूट करायचे आणि आमच्या पाहुण्याची उत्तरं त्याला जोडायचे. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटायचं, दोघं एकमेकांशी निवांत बोलतायत.

सगळ्यांचं भागायचं, एका सुषमाचं सोडून. ती मला एकच सांगायची. "बाळूदादा, एक प्रश्न. फक्त एक प्रश्न माझ्या आवाजात जाऊ दे टीव्हीवर. आमच्या अण्णांना एकदा ऐकू दे." अण्णा म्हणजे तिचे वडील. नाना दर वेळी मुंबईला विचारायचे आणि मुंबई दर वेळी सांगायची, "फील्डचा आवाज ऑन एअर जात नाही." असं म्हणून ते फोन ठेवायचे आणि आम्ही कॅमेरा उचलून पुढच्या गावाला निघायचो.

*

पहिल्याच शूटिंगला फजिती! इंदापूरजवळचे एक द्राक्षवाले तात्या. नवा सदरा, नवी टोपी, खुर्चीत ताठ बसलेले. सुषमानं प्रश्न विचारला की तात्या उठायचे, तिच्या हातातला रिसीव्हर ओढून घ्यायचे आणि फोनमध्ये ओरडून उत्तर द्यायचे. माझ्या कॅमेऱ्याला दिसायचा त्यांचा फक्त कान.

साहेब फोनवरून म्हणाले, "त्यांना कॅमेऱ्याकडे बघून बोलायला सांगा."

तात्या भडकले. "इचारणार फोनातनं आन् मी बोलायचं ह्या डबड्याशी? सायेब फोनात हाय का डबड्यात हाय, ते आधी ठरवा. मंग मला बोलवा!"

नानांनी हात जोडले. मी तर पायाच पडायच्या बेतात होतो. तात्या काही ऐकेनात. शेवटी सुषमा माझ्या कॅमेऱ्याला अगदी खेटून उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, साहेबांना सोडा. मी विचारतेय ना? माझ्याशी बोला."

तात्या एकदम निवळले. "मंग तसं सांगायचं की बाय! तू इचारतीयास व्हय!" आणि जे बोलायला लागले ते थांबेचनात. नाना शेवटी हळूच म्हणाले, "तात्या, कॅसेट संपली."

"तुमची संपली आसंल," तात्या म्हणाले. "तिचं कुठं ऐकून झालंय अजून?"

*

साहेबांचा एक नियम होता. सुषमानं पदरचा एक शब्द घालायचा नाही. फोनवर जे ऐकू येईल तेच विचारायचं. सुषमा नियमाची पक्की, शिक्षकाची मुलगी!

बारामतीजवळच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांची मुलाखत चालली होती. विषय साक्षरता. मुख्याध्यापक एकदम कडक, वाक्यावाक्याला 'वस्तुतः'. मुलाखत रंगात आली आणि फोनला क्रॉस कनेक्शन लागलं. तेव्हा ते रोजचंच होतं म्हणा. साहेबांचा आवाज गायब झाला आणि कुठल्यातरी बाई बोलायला लागल्या.

सुषमा जरा गोंधळली. पण नियम म्हणजे नियम. तिनं सरळ विचारलं, "तुमच्या सासूबाईंना घरी कधी आणताय?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दाराकडे बघून घेतलं आणि पडेल आवाजात म्हणाले, "वस्तुतः येत्या रविवारी आणायचं ठरलंय. पण हे... हे मुंबईपर्यंत कसं गेलं?"

*

आता ठिगळ म्हणजे काय ते सांगतो. एखाद्या उत्तरात वारा घुसला, कुत्रं भुंकलं, किंवा पाहुण्यानं माहितीच चुकीची सांगितली, की मुंबईचा फोन यायचा, "तेवढं उत्तर पुन्हा घेऊन पाठवा." ते त्याला 'पॅच' म्हणायचे. नानांनी त्याचं ठिगळ केलं. अट अशी की कपडे तेच, जागा तीच, उजेड तोच. मुंबईला सांगायला काय जातंय! आम्ही जायचो तर सदरा धुण्यात, खुर्ची शेजाऱ्यांच्या लग्नाला गेलेली, आणि ज्या कडब्याच्या गंजीसमोर पाहुणा बसवला होता ती गंजी जनावरांनी खाऊन टाकलेली.

सुप्याच्या माळावर एका गृहस्थानं सीताफळाची बाग उठवली होती. दगडधोंड्यातली बाग, बघत राहावी अशी. मुलाखतीत छाती काढून म्हणाला, "हे समदं म्या एकट्यानं केलं!"

मुंबईचा फोन आला. उत्तरात वारा फार आहे, ठिगळ पाठवा. आम्ही परत गेलो. सदरा तोच, जागा तीच, पण या वेळी त्याची बायको माझ्या कॅमेऱ्याच्या मागं कमरेवर हात ठेवून उभी. सुषमानं प्रश्न विचारला. गड्यानं एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, एकदा कॅमेऱ्याच्या मागं बघितलं. म्हणाला, "हे समदं आमी दोघांनी केलं. म्हंजी, खरं सांगायचं तर म्या नुसतं खड्डं खांदलं."

कॅसेट गेली. साहेबांचा फोन! "अहो नाना, माणूस तोच, प्रश्न तोच, उत्तर कसं बदललं?"

नाना मुंबईशी बोलताना एकदम शुद्ध बोलायचे. "साहेब, पहिल्या वेळी मालकीणबाई पाणी आणायला गेल्या होत्या."

"मग यातलं खरं कुठलं?"

"विचारून सांगतो," नाना म्हणाले. "बाईंनाच विचारतो."

*

नीरा-नरसिंहपूरला देवळाच्या पुजारीकाकांची मुलाखत. एवढं शांत ठिकाण, दोन नद्यांचा संगम, पण काकांनी तोंड उघडलं की ठण्ण! येणारा प्रत्येक जण घंटा वाजवूनच आत येणार. कोणाला थांबवणार? शेवटी काकांच्या परवानगीनं घंटेच्या लोळ्याला नानांचा रुमाल गुंडाळला. मग लोक यायचे, जोरात हात मारायचे, आणि आवाज यायचा थप्प. अकलूजकडची एक म्हातारी दोनदा वाजवून मटकन खालीच बसली. "माझं कान गेलं गं बाई, देवाच्या दारात कान गेलं!" सुषमानं तिला उठवून रुमाल दाखवला तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

एवढी मरमर करून कॅसेट पाठवली. मुंबईला वाटलं, घंटा नाही तर देऊळ वाटत नाही. म्हणून त्यांनी कुठली तरी घंटा त्यांच्या साठ्यातनं काढून चिकटवली. माझं डोकंच फिरलं!

कार्यक्रम लागला आणि दुसऱ्या दिवशी नरसिंहपूरची जीपभर माणसं गाळ्यात हजर. "ही आमची घंटा न्हाय. ही कुटली तरी शाळा सुटल्यावानी वाजतीया. दुरुस्ती दावा."

नाना समजूत घालायला लागले. "अहो, घंटा ती घंटा. काय फरक पडतो?"

त्यातले एक म्हातारे म्हणाले, "नाना, उद्या तुमी बोलताना तुमच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घातला तर चालंल का?"

कोपऱ्यात बसलेली सुषमा म्हणाली, "बाबा, मला विचारा!"

घंटेचं ठिगळ गेलं. मुंबईनंही काय वाटलं कोण जाणे, पुढच्या भागात 'दिलगिरी' म्हणून ती खरी घंटा चांगली तीनदा वाजवून दाखवली. सुषमा माझ्याकडे बघत म्हणाली, "बघ बाळूदादा. घंटेचा आवाज गेला टीव्हीवर. माझा काही जात नाही."

*

सुषमाचे वडील रिटायर झालेले प्राथमिक शिक्षक. घरी अण्णा, बाहेर अख्ख्या इंदापूरचे गुरुजी. माणूस दिलदार, पण चूक म्हणून खपायची नाही. कोणी लग्नपत्रिका घेऊन आलं तर त्याला आधी बसवायचे, पत्रिकेतल्या चुका तांबड्या पेननं दाखवायचे, आणि मग म्हणायचे, "येतो लग्नाला." दुकानांच्या पाट्या तर त्यांनी किती बदलायला लावल्या असतील!

कार्यक्रमाच्या दिवशी गल्ली त्यांच्या घरी जमायची. जयभीम, नमस्कार, चहा, आणि टीव्ही लागायचा. पडद्यावर साहेबांनी प्रश्न विचारला की गुरुजी बोट वर करून सांगायचे, "हा प्रश्न आमच्या सुषमानं विचारलाय बरं का."

एकदा शेजारचे पेन्शनर काका म्हणाले, "गुरुजी, सुषमाला सर्दी झालीय का हो? आवाज लई घोगरा येतोय. मिशीपण फुटलीय वाटतं!"

गल्ली खो खो हसली. गुरुजींनीही हसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सुषमानं हे आम्हाला नकला करून सांगितलं. काकांचा आवाज काढला, गल्लीचं हसणं काढलं. आम्ही पोट धरून हसलो. मग ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "लोकांना वाटतं मला फोन धरायला ठेवलंय. अण्णांना खोटं पाडतात सगळे. कोणापुढं खोटं न बोललेला माणूस तो." मला इतका संताप आला होता की हातातली सिगारेट पेटवायचं पण विसरलो.

*

आणि मग डाळजचे आबा.

आबांच्या वाडवडिलांची मेंढरं पार कोकणापर्यंत चरायला जायची. पुढं ऊस आला, ट्रॅक्टर आला, घर स्लॅबचं झालं. पण दारात चार मेंढरं असल्याशिवाय आबांना झोप यायची नाही, म्हणून हौसेखातर थोडी ठेवलेली. पुतण्याच्या घरातला फोन वायर लांबवून अंगणात आणला, मागं मेंढरं बसवली आणि मुलाखत सुरू केली.

साहेबांनी छान प्रश्न विचारले. लहानपण, रानातले मुक्काम, एडका. आबांचा एक एडका, म्हणजे मेंढा, पंचक्रोशीत बदनाम होता. मग घरचं विचारलं. मुलं काय करतात, जावई कसे आहेत. "जावई?" आबा म्हणाले, "सोन्यासारखा माणूस. पोरीनं नशीब काढलं."

एडक्याच्या उत्तरात मात्र हायवेवरच्या ट्रकनं असा हॉर्न मारला की आबांचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं. मुंबईचा फोन, ठिगळ पाठवा. आम्ही गेलो. फेटा तोच, सदरा तोच, आणि मेंढरांची लोकर कातरलेली!

ती पाठवली तशी साहेबांचा फोन. "नाना, मागची मेंढरं बदलली! प्रेक्षक फसणार नाहीत."

"साहेब, मेंढरं तीच आहेत. फक्त कपडे काढलेत."

"ते मला माहीत नाही. मेंढरं दिसता कामा नयेत."

परत डाळज. आता मी नुसता आबांचा चेहरा घेतला, फेट्यापासून मिशीपर्यंत. आबा रुसले. "तुमाला माझ्यापरीस मेंढरांचीच काळजी." पण बोलले. कॅसेट गेली आणि आम्ही सुटलो.

म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

आता नीट ध्यानात घ्या. मुंबईत पहिलं काम काय, तर सुषमाचा आवाज पुसणे. तो पुसला की कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे सांगणारं कोणी उरत नाही. मागं मेंढरं असती तरी अंदाज आला असता. इथं नुसता आबांचा चेहरा! जोडणाऱ्यानं जिथं फट दिसली तिथं ठिगळ लावून टाकलं.

कार्यक्रम लागला. अख्खं डाळज टीव्हीसमोर. साहेबांनी कोटाचं बटण नीट करत गोड आवाजात विचारलं, "आबा, तुमचे जावई कसे आहेत?"

आणि पडद्यावर आबा म्हणाले, "लई खोडील हो! दिसंल त्याला धडक. खायाला मात्र चौघांचं लागायचं. पोरंबाळं दारात यायची भ्याची. शेवटाला कट्टाळून भिगवणच्या बाजारात नेला आन् इकून टाकला. इकला तवा कुठं घर सुखी झालं!"

*

जावई दौंडकडचे. त्यांच्या गावातही केबल होती! दुसऱ्या दिवसापासून पारावर लोकांनी त्यांना सोडलंच नाही. "काय पाव्हणं, सध्या कुणाच्या दावणीला हाय?" जावई तापले. त्यात अधिक महिना तोंडावर आलेला. आमच्याकडे अधिकात जावयाला मानानं बोलावून धोंड्याचं जेवण घालतात. जावयांनी निरोप धाडला, "मला तर बाजारात इकलाय. ज्यानं घेतला आसंल त्यो घालंल जेवाय." आबांची लेक तिकडं हसून हसून बेजार, पण नवऱ्यापुढं हसायची सोय नाही.

आबा चार भावकीची माणसं घेऊन गाळ्यावर आले. फेटा न बांधता आले, तेव्हाच मी ओळखलं, आज आपली खैर नाही.

नाना म्हणाले, "आबा, मुंबईशी बोललोय. पडद्याच्या खाली दिलगिरीची पट्टी फिरवतील."

"पट्टी? पारावरच्या लोकांनी ऐकलंय नाना. ऐकलेलं पट्टीनं पुसत न्हाय."

"मग साहेब स्वतः बोलून दुरुस्ती करतील."

"कोण सायेब?" आबा म्हणाले. "आमच्यात बैठकीत चुकीचा शब्द गेला, तर ज्याची बैठक त्यानंच उभं ऱ्हाऊन फिरवायचा. दुसऱ्यानं फिरवलेला चालत न्हाय. माझी बैठक ह्या पोरीसंगं झाली. हिनं इचारलं, म्या सांगितलं. हिनंच बोलायचं."

सुषमा उठून उभी राहिली आणि परत बसली.

नानांनी तिथल्या तिथं मुंबईला फोन लावला. मुंबईचं तेच, फील्डचा आवाज ऑन एअर जात नाही. साहेब म्हणाले, "आबांना द्या, मी समजावतो." आबांनी रिसीव्हर हातभर लांब धरला.

"आबा, नमस्कार! मीच तो, तुमची मुलाखत घेणारा."

"आसं? आमच्या घरचा चहा पिला का तुमी?"

"नाही, म्हणजे मी इथं मुंबईत..."

"भाकरी खाल्ली?"

"नाही."

"मंग कसली मुलाखत घेतली?" आणि आबांनी फोन नानांच्या हातात दिला. वर म्हणाले, "जावई म्हनतोय, दुरुस्ती झाली न्हाय तर भावकी घिऊन मुंबईला जातो आन् त्या कोटवाल्यालाच इचारतो." हे साहेबांना स्पष्ट ऐकू गेलं. थोड्या वेळानं मुंबईहून फोन आला. ठीक आहे. अर्धं मिनिट. फक्त एकदा.

आबांच्या अंगणात शूटिंग. भावकी सगळी बसलेली. सुषमा पहिल्यांदा माझ्या कॅमेऱ्याच्या पुढं उभी होती. तिच्या कानाला फोन नव्हता, प्रश्न सांगणारं कोणी नव्हतं. ती एका दमात बोलली.

"नमस्कार. मी सुषमा, इंदापूर. डाळजच्या आबांना प्रश्न मी विचारले होते. त्यांनी बाजारात विकला तो एडका. जावई नाही. जावयांना ते सोन्यासारखा माणूस म्हणाले, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. जोडताना चूक आमच्याकडून झाली. आबांची आणि जावईबापूंची मी माफी मागते."

मी कॅमेरा बंद करून ओरडलो, "आमच्याकडून कशाला? मुंबईकडून म्हण! तू काय केलंस?"

"राहू दे बाळूदादा," ती म्हणाली.

आबांनी फक्त मान डोलावली. "फिरला शबूद," ते म्हणाले आणि आत चहा सांगितला. जावई धोंड्याला आले, जेवले, वर आठ दिवस राहिले, आणि जाताना सासऱ्याला म्हणाले, "एडका बरा हुता, लवकर सुटला."

दुरुस्ती लागली त्या संध्याकाळी आम्ही तिघं गाळ्यातच टीव्ही बघत होतो. सुषमा घरी गेलीच नव्हती. म्हणाली, "मला अण्णांच्या समोर बसवणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्यांनी. आणि मी एवढी वाट बघायला लावून टीव्हीवर आले ती माफी मागायला. गल्लीसमोर!" ते अर्धं मिनिट आलं आणि गेलं. आवाज खणखणीत आला, पण सुषमा पडद्याकडे बघतच नव्हती.

लगेच फोन वाजला. नानांनी उचलला आणि उभेच राहिले. "हां गुरुजी. जयभीम, जयभीम." गुरुजींचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"ऐकलं," गुरुजी म्हणाले. "सगळ्या गल्लीनं ऐकलं. पेन्शनरकाकांनी दोनदा विचारलं, सुषमाच ना? म्हटलं, सुषमाच." मग नाक ओढल्यासारखा आवाज आला.

नानांना वाटलं, आता झडती. ते घाईघाईनं म्हणाले, "गुरुजी, चूक सगळी आमची हो, पोरीची काही नाही. शब्द देतो, पुन्हा अशी चूक होणार नाही."

"असं नका म्हणू, नाना," गुरुजी म्हणाले. "पुढची चूक कधी करताय?"